वर्कशॉपमध्ये टिकणारा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर: आधी धूळ बघा, मग अंतर, मग वॅट

प्रश्न थोडक्यात असा. लोखंडाचं फॅब्रिकेशन आणि थोडं लाकूडकाम चालणारं वर्कशॉप आहे, साधारण ९ मीटर बाय ६ मीटर, वर पत्रा, खाली काँक्रीट. घरातली जुनी म्युझिक सिस्टिम आणून लावली, तर वर्षभरात एका बाजूचा आवाज फाटला. दुसरी आणली, तिचा अ‍ॅम्प्लिफायरच गेला. आता किती वॅटचा सेट घ्यावा, म्हणजे ग्राइंडर चालू असतानाही गाणी ऐकू येतील आणि काही वर्षं परत बघावं लागणार नाही?

मी ध्वनियंत्रणा बसवतो आणि त्याहून जास्त वेळ दुरुस्त करतो. त्यामुळे आधी तुमच्या प्रश्नातला एक भाग बाजूला काढतो. ग्राइंडर चालू असताना गाणी ऐकू यायला हवीत, हा हट्ट सोडा. अँगल ग्राइंडरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी साधारण ९५ ते १०५ डेसिबल असतो. त्यावरून शब्द कळायचे तर गाणं त्याहून आणखी दहा-एक डेसिबल वर न्यावं लागेल. तेवढा आवाज काढणारे स्पीकर मिळतात, पण तो रोज सोसेल असा कान कुणालाच नाही.

अमेरिकेतल्या नायोश या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी आहे: ८५ डेसिबलमध्ये जास्तीत जास्त ८ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. यातच गाण्याचा धोका लपलेला आहे. मशीन ८५ वर चाललंय आणि तुम्ही गाणंही ८५ वर लावलं, तर दोन्ही मिळून ८८ होतात. कानाला फरक किरकोळ वाटतो, पण सुरक्षित वेळ आठ तासांवरून चारवर येतो. तुमच्याकडे पोरं दिवसभर काम करत असतील, तर हा हिशेब त्यांच्या वतीने तुम्हालाच करायचा आहे.

म्हणून ध्येय असं ठेवा: ग्राइंडर, कटर चालू असताना कानात प्लग किंवा वर मफ, आणि तेवढा वेळ गाणं हरवलं तरी चालेल. मापं घेणं, जुळवणी, फायलिंग, पॉलिश, पेंटची तयारी, लेथवरचं शांत काम, या वेळी पार्श्वभूमीचा आवाज ७० ते ७५ च्या आसपास असतो. त्यावर ८० डेसिबलचं गाणं अगदी छान ऐकू येतं. मोबाईलवरच्या आवाज मोजायच्या अ‍ॅपने एकदा सगळ्या टेबलांवर मोजून घ्या. आकडा दोन-चार डेसिबल इकडेतिकडे झाला तरी निर्णय घ्यायला पुरतो.

आता टिकाऊपणाकडे येऊ. तुमचा पहिला स्पीकर कशाने गेला असेल, ते न बघता सांगायचं झालं तर मी लोखंडाचा कीस म्हणेन.

फॅब्रिकेशनच्या जागेतून आलेला एक स्पीकर मी उघडला होता. बाहेरून जाळीवर राखाडी धूळ, बाकी ठीक. कोनवर, म्हणजे स्पीकरच्या पुढच्या थरथरणाऱ्या पडद्यावर, दोन्ही अंगठे समोरासमोर ठेवून हलक्या हाताने सरळ आत दाबला, तर आतून खर्र खर्र असा आवाज आला, वाळूवर पत्रा ओढल्यासारखा. कोन कापून काढला. कोन हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, ज्या फटीत वरखाली होते, ती फट मिलिमीटरच्या काही दशांशांचीच असते. तिच्या सबंध कडेला लोखंडाचा बारीक कीस काळ्या केसांसारखा उभा राहिला होता. ग्राइंडिंगचा कीस हवेत उडतो, आणि स्पीकरच्या आत तर चुंबकच बसलेलं. एकदा आत गेलेला कण बाहेर पडत नाही. तो कॉइलच्या तारेवरचा इनॅमलचा लेप घासतो, एक वेढा दुसऱ्याला लागतो, आणि एके दिवशी आवाज फाटतो. मालक म्हणत होते, व्हॉल्यूम जास्त झाला म्हणून गेला. व्हॉल्यूमचा तिथे काही संबंध नव्हता.

लाकडाचा भुसा चुंबकाला चिकटत नाही, पण ओल धरतो, आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर, गोधडीसारखा पसरतो. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणून स्पीकर निवडताना सगळ्यात आधी बघायचं ते हवेचे मार्ग. बास वाढवण्यासाठी ज्या खोक्याला गोल भोक ठेवलेलं असतं, म्हणजे पोर्ट, त्यातून प्रत्येक ठोक्याला हवा आतबाहेर होते आणि हवेबरोबर कीस आत ओढला जातो. घरात यात काहीच वाईट नाही. वर्कशॉपमध्ये मात्र पूर्ण बंद खोका घ्या. बास थोडा कमी मिळेल. तसंही कॉम्प्रेसरच्या घरघरीखाली तो बुडणारच असतो.

सीलिंगमध्ये बसवायचे स्पीकर पाठीमागून उघडे असतील तर पत्र्यावरची धूळ थेट चुंबकावर पडते. तेच घ्यायचे असतील तर मागे बंद डबा असलेलेच घ्या.

कोन कशाचा आहे हे विचारा. पॉलिप्रॉपिलीन किंवा कोटिंग केलेला कागद चालतो, साधा कागद ओलीने मऊ पडतो. कोनच्या कडेची जी लवचिक पट्टी असते ती फोमची असेल तर सरळ नाही म्हणा. फोम काही वर्षांत भुगा होऊन गळतो. उन्हाने, दमट हवेने आणखी लवकर. रबर बरीच वर्षं जातं, आणि स्टेजच्या स्पीकरला असते तशी कोटिंग केलेल्या कापडाची घडीदार कड तर सगळ्यात चिवट.

खोक्यावर आयपी रेटिंग असेल तर तेही वाचा. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे धूळ आत गेली तरी काम बिघडेल इतकी जाणार नाही, आणि कुठूनही पाणी उडालं तरी चालेल. आयपी ६५ म्हणजे धूळ पूर्ण बंद. धातूकामाला मी ६ ने सुरू होणारा आकडा शोधतो. तो नाही मिळाला, तर बंद खोका, बारीक स्टीलची जाळी आणि जाळीच्या आत पातळ पॉलिएस्टर कापड एवढं तरी हवंच. कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा सहज पलीकडे गेली, तर वरच्या पट्टीचा आवाजही जाईल.

भोंग्याबद्दल बरेच जण विचारतात. पत्र्याचा किंवा एबीएसचा भोंगा धूळ, पाणी, ऊन काहीही खातो, आणि १ वॅटला १ मीटरवर १०५ डेसिबलच्या पुढेही जातो. पण त्यातून खालची पट्टी जवळजवळ येत नाही. सूचना द्यायला उत्तम. दिवसभर गाणी ऐकली तर दुपारपर्यंत डोकं दुखायला लागेल.

आता वॅट. इथे दोन आकडे शेजारी ठेवून बघू, म्हणजे माझं म्हणणं नीट पोचेल.

स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल. घरगुती छोटे स्पीकर ८५-८६ च्या आसपास, बरे ९०, स्टेजचे ९५ आणि पुढे. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. वॅट दुप्पट केले तर मात्र ३ डेसिबलच वाढतो. हे गणित कायम तुमच्या विरुद्ध जातं.

पहिली मांडणी, जी बहुतेक जण करतात: ८६ डेसिबलचा स्पीकर कोपऱ्यात वर टांगला, आणि टेबल ८ मीटरवर. १ वॅटला तिथे पोचतात ६८ डेसिबल. आपल्याला हवेत ८०. म्हणजे १२ डेसिबल जास्त, म्हणजे साधारण १६ वॅट सलग. पण गाण्यात ढोलाचा ठोका, गायकाचा चढा सूर सरासरीच्या १५ डेसिबल तरी वर जातो, आणि १५ डेसिबल म्हणजे ३२ पट. झाले ५०० वॅट.

दुसरी मांडणी: ९० डेसिबलचा स्पीकर टेबलापासून २ मीटरवर. १ वॅटला तिथे ८४. म्हणजे सलग अर्धा वॅटही लागत नाही, आणि ठोक्यांसकट १३ वॅटच्या आत काम होतं.

तोच आवाज, तेच टेबल. एकीकडे ५०० वॅट आणि दुसरीकडे १३. पत्र्यावरून, फरशीवरून परतणारा आवाज मिसळतो म्हणून प्रत्यक्षात पहिल्या मांडणीला इतके लागणार नाहीत, हे खरं. पण तो परतलेला आवाजच तर सगळा गोंधळ करतो. शब्द एकमेकांत घुसतात, माणूस आवाज आणखी वाढवतो, गोंधळ आणखी वाढतो. पत्र्याखाली काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. एक मोठा स्पीकर सगळ्यांना ऐकवण्यापेक्षा चार छोटे स्पीकर आपापल्या टेबलाशी हळू बोललेले केव्हाही चांगले.

म्हणून तुमच्या ९ बाय ६ ला मी असं सुचवेन. बंद खोक्याचे, ८ ओहमचे, ९० किंवा वरच्या सेन्सिटिव्हिटीचे चार स्पीकर, पाच किंवा साडेसहा इंची. दोन-सव्वादोन मीटर उंचीवर, तोंड खाली टेबलाकडे झुकवलेलं; त्यामुळे धूळही कोनवर साचत नाही. अ‍ॅम्प्लिफायर दोन चॅनेलचा, ४ ओहमला प्रत्येकी ६० वॅट आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे वॅट. प्रत्येक चॅनेलवर दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि एकेकाला ३० वॅट मिळतात. एवढं भरपूर आहे. खरेदी करताना आरएमएस वॅट आणि ते किती ओहमला, हेच विचारा. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल शक्ती, म्हणून छापलेले हजारांचे आकडे वाचूच नका.

आणि सगळं मोनो करा, म्हणजे सगळ्या स्पीकरांतून एकच आवाज. स्टीरिओमध्ये डाव्या टेबलावरच्या माणसाला फक्त डावी बाजू ऐकू येते, कधी गाण्यातलं अर्धं वाद्यच गायब.

अ‍ॅम्प्लिफायर कुठे ठेवायचा, हा कुठला घ्यायचा याच्याइतकाच महत्त्वाचा निर्णय आहे. जमेल तर तो वर्कशॉपमध्ये ठेवूच नका. शेजारी ऑफिस असेल, स्टोअर असेल, तिथे ठेवा आणि भिंतीतून फक्त वायरी आणा. मी बसवलेल्यांपैकी सगळ्यात जास्त टिकलेले अ‍ॅम्प्लिफायर असेच भिंतीपलीकडचे आहेत.

आतच ठेवायचा असेल तर पंखा नसलेला घ्या. पंखा दिवसभर वर्कशॉपची हवा ओढून थेट सर्किट बोर्डवर फुंकतो, आणि लोखंडाचा कीस वीज वाहून नेतो. बोर्डवरच्या एखाद्या भागाच्या दोन पायांच्या मध्ये चिमूटभर साचला, वर थोडी ओल आली, की शॉर्ट. तुमचा दुसरा अ‍ॅम्प्लिफायर बहुधा याच वाटेने गेला. क्लास डी प्रकारचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला तर तो पूर्ण ताकदीवर घेतलेल्या विजेतली ९० टक्क्यांच्या आसपास स्पीकरला देतो, उष्णता थोडीच बनवतो. जुन्या पद्धतीचा क्लास एबी बरीच वीज उष्णतेत घालवतो. थंड राहणारं यंत्र बंद पत्र्याच्या पेटीत ठेवता येतं, गरम होणारं नाही. पेटी हीटसिंकच्या दुप्पट तरी मोठी असू द्या, आणि झाकणाला रबराची पट्टी. आतल्या उष्णतेकडे मात्र लक्ष ठेवा. वीज साठवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढलं की साधारण निम्मं होतं. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर वापरलेलं यंत्र ८५ वाल्यापेक्षा बरं.

बोटीवर वापरायचे अ‍ॅम्प्लिफायरही या कामाला चांगले पडतात. बोर्डवर संरक्षक लेप असतो, बॉडीच हीटसिंक असते, हादरे सोसायची सवय असते. ते १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे सोबत दणकट पॉवर सप्लाय लागतो. वरच्या १२० वॅटला क्लास डी धरला तरी १२ अँपिअरच्या आसपास क्षमता हवी.

कमी वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकरला सुरक्षित असतो, हा समज माझ्या टेबलावर दर महिन्याला एखादा जळका ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, आणून ठेवतो. छोटा अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर ढकलला की लहरींचे शेंडे कापले जातात. पूर्ण कापलेली चौकोनी लहर त्याच उंचीच्या गोल लहरीपेक्षा दुप्पट शक्ती देते. ५० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर अशा वेळी १०० च्या जवळ ओततो, सलग, मध्ये उसंत न देता. त्यात वरच्या पट्टीचा वाटाही वाढतो, आणि केसासारख्या तारेची ट्वीटरची कॉइल ते किती वेळ सोसणार? म्हणून अ‍ॅम्प्लिफायर गरजेपेक्षा मोठा घ्या आणि अर्ध्या व्हॉल्यूमच्या खालीच चालवा. लिमिटर, म्हणजे आवाज ठरलेल्या हद्दीपुढे जाऊ न देणारी सोय, असेल तर चालू ठेवा. ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापायची सोय असेल तर तीही वापरा. जो बास ऐकूच येणार नाही, त्यासाठी कोन कशाला धापा टाकत बसवायचा?

वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या. अ‍ॅम्प्लिफायर २० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर होतात. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीचा विरोध तेवढ्याला ०.७ ओहमच्या आसपास जातो, ४ ओहमच्या जोडणीत जवळपास दीड डेसिबल वायरीतच मुरतो. २.५ मध्ये हे नुकसान अर्ध्या डेसिबलच्या जरा वर राहतं. शेड याहून बरीच मोठी असेल किंवा स्पीकर आठ-दहा लागणार असतील, तर १०० व्होल्ट लाइनची पद्धत वापरा. त्यात १०० वॅट १ अँपिअरमध्ये जातात, ४ ओहमला तेच ५ अँपिअर लागले असते. प्रत्येक स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरवर वॅटचे टॅप, म्हणजे किती वॅट घ्यायचे ते निवडायचे टप्पे, असतात; सगळ्या टॅपची बेरीज अ‍ॅम्प्लिफायरच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवा. लेथजवळचा टॅप थोडा मोठा, ऑफिसच्या दारापाशी छोटा, असं प्रत्येक जागेचं माप वेगळं करता येतं.

अ‍ॅम्प्लिफायरला वीज वेल्डिंग मशीन किंवा कॉम्प्रेसर ज्या सर्किटवर आहे त्यावरून देऊ नका. मोटर सुरू होताना व्होल्टेज बसतं, बंद होताना झटका येतो. वेगळं सर्किट, नीट अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर. वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प ज्या सांगाड्याला लावता, त्याच सांगाड्याला अ‍ॅम्प्लिफायरची पत्रा-पेटी बोल्टने बसवू नका. मध्ये लाकूड किंवा रबर घाला. संगणक जोडल्यावर हम्म असा आवाज आला तर ग्राउंड लूप, म्हणजे अर्थ दोन वाटांनी जोडला गेल्याचा दोष, समजा, आणि सिग्नलच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थची पिन कापून हम् घालवणारे भेटतात. माणूस चिकटतो अशाने. कधीही करू नका.

खरं सांगायचं तर वर्कशॉपमध्ये सगळ्यात आधी अ‍ॅम्प्लिफायर मरत नाही, ३.५ मिलिमीटरचा जॅक मरतो. मोबाईल ओढला जातो, वायर लोंबते, चार महिन्यांत एक बाजू गायब. त्यानंतर व्हॉल्यूमचा नॉब, ग्रीसच्या बोटांनी आणि धुळीने खरखरणारा. म्हणून ब्लूटूथ रिसीव्हर पेटीत पक्का बसवून टाका, अँटेना पत्र्याच्या बाहेर. आवाज मोबाईलवरून कमी-जास्त होऊ दे, आणि अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब एकदा ठरवलेल्या जागी लॉक. तो ठरवताना फोन पूर्ण व्हॉल्यूमवर ठेवा, टेबलाशी मोजा, आणि ८० ते ८२ च्या वर जाणार नाही तिथे थांबवा. स्पीकरच्या मागे स्प्रिंगच्या चिमट्याऐवजी स्क्रूचे टर्मिनल किंवा स्पीकॉनसारखा फिरवून अडकणारा कनेक्टर असू द्या. चिमटा हादऱ्याने ढिला होतो.

स्पीकर ब्रॅकेटला लॉकनट लावा आणि प्रत्येकाला वेगळी स्टीलची दोरी, ब्रॅकेट सुटलं तरी खाली कुणाच्या डोक्यावर पडणार नाही अशी. ग्राइंडरच्या ठिणग्या जिकडे उडतात त्या रेषेत स्पीकर नको. आणि स्प्रे पेंटिंगच्या खोलीत साधा अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर अजिबात नको. थिनरच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

एक गोष्ट कामगारांना विचारून ठरवा: कुठलं मशीन ते आवाजावरून ओळखतात? ब्लेड बोथट झालं, बेअरिंग ओरडायला लागलं, हे अनुभवी माणसाला आधी कानाने कळतं. त्या मशीनजवळचा स्पीकर सगळ्यात हळू, किंवा तिथे नकोच.

साफसफाईत कॉम्प्रेसरची हवा स्पीकरवर कधीही मारू नका. हातात नळी असते, मोह होतो. त्या दाबाने ट्वीटरचा घुमट आत दबतो, आणि जाळीवर बसलेला कीस थेट फटीत ढकलला जातो. आठवड्यातून एकदा मऊ ब्रश, बाहेरच्या बाजूला झाडत. लोखंडाच्या कणांसाठी चिकटपट्टी: जाळीवर हलकी टेकवा, उचला, नवी घ्या. अ‍ॅम्प्लिफायर सहा महिन्यांनी एकदा, प्लग काढून, आतले कपॅसिटर उतरायला अर्धा तास देऊन मगच उघडा.

तुमची ती पहिली, फाटक्या आवाजाची सिस्टिम टाकून दिली नसेल तर फाटणाऱ्या बाजूच्या कोनवर दोन अंगठे ठेवून सरळ दाबून बघा. खर्र आवाज आला तर कॉइल गेली, तो स्पीकर बदलावाच लागेल. काहीच आवाज न येता कोन लोण्यासारखा आत गेला, तर फक्त ट्वीटर किंवा मागचा ढिला चिमटा असेल. मग ती दुरुस्त करून ऑफिसमध्ये लावा, तिथे ती अजून बरीच वर्षं वाजेल.